हुतात्मा पोलिसांचं गावातलं स्मारक आणि मानवंदना : जाणकारांनी आपापला अनुभव लिहावा

१९५९ साली २१ ऑक्टोबरला लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्जजवळ चिनी सैनिकांच्या हल्ल्यात आपले १० पोलीस जवान गेले. म्हणून हा दिवस देशभर पोलीस स्मृतिदिन म्हणून पाळतात. जिल्ह्याच्या मुख्यालयात त्या दिवशी सगळं शिस्तीत होतं. अडचण येते ती गावात. एकट्या गडचिरोली जिल्ह्यात २००९ साली नक्षलवादी हल्ल्यांत मरकेगावला १५, हत्तीगोट्याला १६ आणि लाहेरीला १७ पोलिसांना वीरमरण आलं. १ मे २०१९ ला जांभुळखेड्याजवळच्या भूसुरुंग स्फोटात १५ जवान आणि गाडीचा चालक गेला. यांची घरं गडचिरोलीपासून भंडारा, बुलढाण्यापर्यंत खेड्यापाड्यांत आहेत. तिथे गावकरी वर्गणी काढून चबुतरा बांधतात, पाटी लावतात, आणि दोन पावसाळ्यांत पाटीवरचं नाव वाचता येत नाही.

ज्यांना या कामाची माहिती आहे त्यांनी लिहावं. स्वतःबद्दल नको. काय करायचं, किती लागतं, कसं करायचं आणि कुठे चुकतं, एवढंच.

दगडी पाट्या कोरणारे, चंद्रपूर

सगळ्यात जास्त चूक नावात होते. कोरायला देण्याआधी नाव सेवापुस्तक, आस्थापना शाखेचं पत्र आणि आधार अशा तीन कागदांवर पाहा आणि मग घरच्यांना विचारा. सगळीकडे एकच असेल असं धरून चालू नका. इंग्रजी नोंदीवरून मराठी करताना आत्रामचं अत्राम होतं, मडावीचं माडावी, उईकेचं उइके. शेवटचा शब्द घरच्यांचा. हुद्दा वीरमरणाच्या दिवशी होता तोच ठेवा. पोलीस नाईक हे पद आता राज्यात राहिलेलं नाही, म्हणून जुन्या हुतात्म्याच्या नावापुढचं 'नाईक' काढून दुसरं काही घालू नका. बक्कल नंबर (पोलिसाचा स्वतःचा क्रमांक) आणि घटकाचं नाव जरूर घाला. एका तालुक्यात एकाच नाव-आडनावाचे दोन शिपाई सहज सापडतात.

मजकूर मोबाइलवर पाठवला की दुकानातला माणूस तो जुन्या फाँटमध्ये पुन्हा टाइप करतो. तिथेच रफार उडतो, जोडाक्षर फुटतं, वेलांटी पहिलीची दुसरी होते. म्हणून पाटी ३ बाय २ फुटांची असेल तर कागदही ३ बाय २ फुटांचाच छापून घ्या आणि त्यावर घरच्या माणसाची सही घ्या. लहान कागदावर चूक दिसत नाही. ग्रॅनाइटवर एक वेलांटी चुकली तर पाटी नवीन करावी लागते. लांबी (पुट्टी) भरून सुधारलेलं अक्षर पहिल्या पावसाळ्यानंतर उघडं पडतं, आणि तेच अक्षर सगळ्यात आधी नजरेत भरतं.

नावाचं अक्षर दीड इंच उंच, बाकी मजकूर पाऊण इंच, खोली २ ते ३ मिलिमीटर. यापेक्षा उथळ कोरलं तर रंग धरत नाही. संगमरवर स्वस्त मिळाला तरी उघड्यावर नको, त्यावर शेवाळ काळं पडतं आणि अक्षराच्या कडा झिजतात. पाटीचं तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला ठेवा. पश्चिमेला ठेवलं तर मे महिन्यातल्या ४५ अंशांच्या उन्हात अक्षरातला रंग पापुद्र्यासारखा सुटतो.

फोटो कोरायचा असेल तर मूळ फोटो आणा. ओळखपत्राचा मोबाइलवर काढलेला फोटो चालत नाही. टोपीच्या सावलीत डोळे काळे होतात, आणि दगडावर ती सावली आणखी गडद उठते.

गवंडी, आर्णी (यवतमाळ)

भाऊ, आमच्या इकडे काळी माती हाय. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडते. तिच्यावर दीड फुटाचा पायवा घेऊन चबुतरा बांधला तर दुसऱ्याच उन्हाळ्यात कोपरा बसते, मंग पाटी तिरपी होते. मुरूम लागेपर्यंत खोदाच. कुठं ३ फुटांवर लागते, कुठं ५. खोदलेली काळी माती परत भरायची नाई. मुरूम टाकायचा, ६-६ इंचांचे थर करून पाणी मारत धुमसायचा.

६ बाय ६ फुटांच्या चबुतऱ्याखाली ४ इंच कोबा टाकायचा, एक सिमेंट, चार रेती, आठ गिट्टी. त्याले सव्वा पोतं सिमेंट पुरते. वरचं जोतं २ फूट, चारी बाजूंनी पाणी उतरायला ढाळ. चबुतऱ्याभोवती दोन-अडीच फूट रुंद फरशी किंवा कोबा घ्यायलाच पायजे, काहून का पाणी बुडाशी मुरलं की माती पुन्हा फुगते. इथंच पैसे वाचवतात लोक, अन् इथंच काम वाया जाते.

३ बाय २ ची १८ मिलिमीटर जाडीची ग्रॅनाइट पाटी २८-३० किलो भरते. ती नुसत्या सिमेंटवर उभी चिकटवली तर चारेक वर्षांत सुटून पडते. पाठीमागून चार स्टेनलेस स्टीलच्या पिना बसवा. साध्या लोखंडाच्या नको, त्याले जंग चढला की दगड आतून फुटते, नावावरून तांबडे ओघळ येतात.

गडचिरोलीचे एक वाचक

गवंडीभाऊंच्या लिहिण्यात रंगाचं आलं नाही म्हणून. खेड्यात रेड ऑक्साइड स्वस्त, तोच चबुतऱ्याला फासतात. आमच्या जिल्ह्यात हे करू नका. नक्षलवादी २८ जुलै ते ३ ऑगस्ट शहीद सप्ताह पाळत आले, आणि त्यांची स्मारकं लाल असतात. पोलिसाच्या स्मारकाला पांढरा किंवा राखाडी रंग द्या. शब्दही 'शहीद' नको, 'हुतात्मा' किंवा 'वीरमरण' घ्या. इथल्या आईबापांना हा फरक कळतो आणि लागतो.

दुसरं, इथल्या माडिया आदिवासी समाजात मृताच्या नावानं दगड उभा करण्याची रीत जुनी आहे. तो दगड घराण्याचा असतो, जागाही त्यांचीच. गावाचं स्मारक त्याच्या शेजारी नको. आधी घरच्यांना विचारा, मग जागा ठरवा.

ग्रामसेवक, वाशीम

जागेबद्दल थोडक्यात. ग्रामपंचायत किंवा शाळेच्या आवारातली जागा सगळ्यात सुरक्षित. रस्त्याच्या कडेला बांधलं तर रुंदीकरणात हलवावं लागतं, आणि हलवताना पाटी शाबूत राहत नाही. वनजमिनीवर परवानगीशिवाय एक वीटही नको. ग्रामसभेच्या ठरावात जागेचा नंबर, लांबी-रुंदी आणि देखभाल कोण करणार हे तिन्ही लिहा. नुसतं 'स्मारक उभारावे' असा ठराव पुढच्या सरपंचाच्या काही कामाचा नसतो. अर्धपुतळा म्हणजे पुतळाच. त्याला शासनाची परवानगी लागते, पाटी आणि स्तंभाला ती भानगड नाही. पुतळ्याच्या हट्टापायी काम वर्षानुवर्षं अडतं. चेहराही हुबेहूब येत नाही, आणि त्या घरच्या माणसांना रोज तो पाहावा लागतो. स्तंभच बरा.

मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथे होते, गावात नाही. नागपूरच्या रुग्णालयात प्राण गेला तर नोंद नागपूरला. मुदत २१ दिवसांची. दाखल्यावरचं नाव आणि सेवापुस्तकातलं नाव तेव्हाच जुळवून घ्या. पुढे निवृत्तिवेतन, विमा, अनुकंपा, प्रत्येक अर्जात हाच दाखला लागतो.

निवृत्त हवालदार, कवायत निदेशक

गावात मानवंदनेला पथक हवं असेल तर २१ ऑक्टोबरचा हट्ट धरू नका. त्या दिवशी बिगुलवाला आणि चांगले कवायत करणारे जवान मुख्यालयात लागतात. हुतात्म्याच्या वीरमरणाची तारीख घ्या आणि दीड महिना आधी पोलीस ठाण्यामार्फत पत्र द्या.

'शोक शस्त्र' हा सगळ्यात अवघड हुकूम. 'सलामी शस्त्र'च्या स्थितीतून रायफल उलटी होते, नळीचं तोंड डाव्या बुटाच्या टोकावर टेकतं, दोन्ही तळवे बटावर (रायफलच्या दस्त्यावर) एकावर एक येतात आणि सगळ्यात शेवटी मान खाली जाते. नवीन जवान मान आधी घालतो, मग हात चाचपडतो. सरावात हातांची हालचाल मोजून घ्या, मान वेगळी घ्या, नंतर जोडा. ओल्या गवतात बुटावरून नळी घसरते, म्हणून पथकाच्या उभं राहण्याच्या जागेवरचं गवत आदल्या दिवशी काढा आणि बारीक मुरूम टाका. मोठी गिट्टी नको, टाचा जुळत नाहीत.

बिगुलावर आधी 'लास्ट पोस्ट' ही निरोपाची धून, मग दोन मिनिटांची शांतता, मग 'राउझ' ही जागं करण्याची धून. दोन मिनिटं घड्याळावर मोजा. अंदाजानं धरलेली शांतता ४०-५० सेकंदांतच संपते. बिगुल मिळाला नाही तर मोबाइलवरची धून लावतात. लावायचीच तर फोन फ्लाइट मोडवर टाका, भोंग्याला बॅटरी जोडा. माझं मत विचाराल तर बिगुल नसेल तेव्हा नुसती शांतता ठेवावी.

अंत्यसंस्काराच्या वेळी हवेत तीन फैरी झडतात. कोऱ्या काडतुसाला गोळी नसते, त्यामुळे नळीत पुरेसा दाब होत नाही आणि रायफल आपोआप भरत नाही. प्रत्येक फैरीनंतर हातानं कॉक करावं लागतं, म्हणजे पुढचं काडतूस नळीत चढवावं लागतं. हे सांगितलं नाही तर दुसऱ्या फैरीला अर्ध्या रायफली गप्प राहतात. फैरींच्या आधी म्हाताऱ्या माणसांना आणि लहान लेकरांना सांगून ठेवा.

तिरंग्याबद्दल. पार्थिवावर केशरी पट्टा डोक्याकडे. दहन असो की दफन, त्याआधी ध्वज काढायचाच. तो जळता कामा नये, मातीत जाता कामा नये. घडी अशी : ध्वज आडवा धरायचा, केशरी आणि हिरवा पट्टा पांढऱ्याच्या खाली दुमडायचा, मग दोन्ही टोकं अशी दुमडायची की वर अशोकचक्र आणि केशरी-हिरव्याचा थोडा भाग दिसेल. तळहातांवर धरून घरच्यांना द्यायचा. चारजण लागतात, आणि त्या चौघांनी हे आदल्या रात्री साध्या चादरीवर पाच-सहा वेळा करून पाहिलेलं असावं. स्मृतिदिनाला गावानं आपल्या मनानं ध्वज अर्ध्यावर आणायचा नसतो, तो निर्णय शासनाचा.

फुलांचं काम करणाऱ्या ताई, ब्रह्मपुरी

पुष्पचक्राला थर्माकोलचं कडं घेऊ नका, वाऱ्यानं उडतं. बुरडाकडून बांबूच्या कमच्यांचं २ फूट व्यासाचं कडं करून घ्या. त्यावर धानाची तणस (पेंढा) २ इंच जाड गुंडाळून सुतळीनं घट्ट आवळायची. तणस आधी थोडी ओली करा, कोरडी सैल पडते आणि फुलं गळतात. झेंडूच्या तीन ओळींना ११०-१२० फुलं लागतात, दीड किलो आणली की निवडून पुरतात. दसरा-दिवाळीच्या दिवसांत भाव चढतो, म्हणून शेतकऱ्याला आधीच सांगून ठेवा. आदल्या संध्याकाळी बांधा, रात्रभर ओल्या गोणपाटाखाली ठेवा. प्लास्टिकमध्ये गुंडाळलं तर सकाळपर्यंत पाकळ्या काळ्या पडतात.

जिल्हा परिषद शाळेच्या शिक्षिका, कुरखेडा तालुका

कार्यक्रमात सगळ्यात जास्त हेळसांड होते ती घरच्यांची, म्हणून हे जरा लांबवून लिहिते. आई-वडील आणि पत्नीला पाहुण्यांच्या वेळेवर बोलावू नका. पाहुणे दोन तास उशिरा येतात, आणि ही माणसं तोवर उन्हात, गर्दीच्या नजरेसमोर बसून राहतात. पाहुणे पोहोचल्यावर त्यांना घरून आणा. आणायला-पोहोचवायला गाडी आणि सोबत एक बाई द्या. खुर्च्या सावलीत आणि स्मारकाच्या बाजूला ठेवा, फोटोच्या अगदी समोर नको. पाण्याचा तांब्या जवळ असू द्या.

पहिलं पुष्पचक्र घरच्यांचं. पत्नी आणि सासू-सासरे यांच्यात बोलणं नसेल तर दोन वेगळी पुष्पचक्रं ठेवा, आणि हे आधी घरी जाऊन विचारून घ्या. स्टेजवर 'दोन शब्द बोला' असं आईला म्हणू नका. बोलायचं असेल तर त्या स्वतः सांगतील. घरात गोंडी किंवा माडिया बोलत असतील तर सूत्रसंचालनातलं प्रत्येक वाक्य त्यांना कळेल असा माणूस शेजारी बसवा. आपल्या मुलाबद्दल काय बोललं जातंय तेच आईला कळत नसेल, तर ते भाषण कुणासाठी?

नावं विद्यार्थी वाचणार असतील तर यादी आठ दिवस आधी द्या. प्रत्येक नाव घरच्यांच्या तोंडून ऐकून उच्चार लिहून घ्या. एका नावानंतर मनात तीन मोजायचे, मग पुढचं. १५ नावांना साधारण दोन मिनिटं लागतात. भराभर वाचलं की शेवटची चार-पाच नावं कुणाच्या कानातच शिरत नाहीत.

आरमोरीहून

एक मुद्दा राहिला. पोलिसांबरोबर खासगी गाडीच्या चालकालाही मरण येतं, तेव्हा पाटीवर बहुतेक वेळा फक्त जवानांची नावं येतात. चालकाचं नावही त्याच पाटीवर, त्याच मापाच्या अक्षरात हवं. हुद्द्याच्या जागी 'वाहनचालक' लिहा. 'इतर' असा वेगळा मथळा काढू नका. हुद्द्यानुसार क्रम लावला तर तो आपोआप शेवटी ढकलला जातो, म्हणून सगळी नावं आडनावाच्या वर्णक्रमानं घ्या.

ग्रामपंचायत कर्मचारी, धानोरा तालुका

देखभालीचं सांगतो. वर्षातून तीनदा काम निघतं. मे अखेरीस चबुतऱ्याच्या भेगा सिमेंटनं बुजवा आणि ढाळ उलटा झालाय का ते बादलीभर पाणी ओतून पाहा. सप्टेंबरात शेवाळ काढा, नारळाच्या काथ्यानं आणि साध्या पाण्यानं. फरशी धुवायचं आम्ल वापरलं तर अक्षरातला रंग जातो आणि सिमेंटचे सांधे खातं. स्मृतिदिनाच्या १० दिवस आधी अक्षरं पुन्हा रंगवा : ऑइलपेंट, शून्य नंबरचा ब्रश, बाहेर आलेला रंग ओला असतानाच टर्पेंटाइनच्या बोळ्यानं पुसा. १५ नावांच्या पाटीला १०० मिलिलिटरचा डबा पुरून उरतो.

पिंपळाचं रोप सांध्यात दिसलं की बोटाएवढं असतानाच मुळासकट काढा. हातभर झालं की ते पाटी उचलतं. लाकडी चौकटीतले फोटो स्मारकावर ठेवून देऊ नका, उधई (वाळवी) लागते. कार्यक्रम झाला की ते ग्रामपंचायतीच्या लोखंडी कपाटात. सुकलेलं पुष्पचक्र तिसऱ्या दिवशी उचला, नाहीतर त्याखाली दगडावर डाग पडतो. तणस, फुलं आणि बांबू वेगळे करून तणस-फुलं खताच्या खड्ड्यात टाका, कडं मात्र धुऊन, वाळवून ठेवा. पुढच्या वर्षी कामी येतं.