पोरांसाठी बेल्ट 'किंवा' कार सीट: हा 'किंवा' काढायला हवा

इरा_ची_आई: लेक पाच वर्षांची. पुणे-कोल्हापूर ये-जा सतत असते. मोठ्यांचा बेल्ट लावला की वरचा भाग तिच्या गळ्यावर येतो, खालचा पोटावर. बूस्टरवर, म्हणजे मुलाला उंच करणाऱ्या बैठकीवर, बसवलं की तोच बेल्ट खांद्यावर आणि कमरेच्या हाडावर नीट बसतो. 2019च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम 194ब आलं: 14 वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा चाइल्ड सीटने बांधलेलं नसेल तर 1,000 रुपये दंड. म्हणजे गळ्याशी काचणारा बेल्टही कायद्याला चालतो! ब्रिटनमध्ये वयाची 12 वर्षं किंवा 135 सेंटीमीटर उंची, जे आधी होईल तोवर सीट लागते. आपल्याकडेही उंची बघा.

सातारकर: ताई, काळजी पटली, सक्ती नाही पटत. आमची एकच छोटी गाडी. आई-बाबा, आम्ही दोघं, धाकटं पोर मांडीवर. मागे सीट बसवली की यात्रेला आईनं घरी राहायचं का? आणि ज्यांच्याकडे स्कूटरच आहे त्यांचं काय? चार वर्षांखालच्या पोराला हेल्मेट, हार्नेस (पोराला चालकाशी बांधणारा पट्टा) आणि वेग 40च्या आत, हा नियम फेब्रुवारी 2023पासून लागू आहे. तुमच्या चौकात एक तरी हार्नेस दिसला का? आधी तो पाळायला लावा.

घाटातला: सातारकर, बाकीचं राहू दे, मांडीवर नका घेऊ. 50च्या वेगातली गाडी धडकून दशांश सेकंदात थांबली, तर 10 किलोचं बाळ धरून ठेवायला 140 किलो उचलण्याइतका जोर लागतो. कुठल्या आईच्या हातात तो आहे? पुढच्या सीटवर तर एअरबॅग थेट बाळावर फुटते.

सातारकर: हा हिशेब माहीत नव्हता. मांडीवर घेणं बंद. पण सक्तीला विरोध कायम. महिन्यातून एकदा टॅक्सी करणाऱ्यानं सीट काखोटीला मारून फिरायचं?

इरा_ची_आई: टॅक्सीत सीट नसेल तर ब्रिटनमध्येही सूट आहे, इथेही द्या. माझा आग्रह घरच्या गाडीपुरता. आईंना घरी ठेवा असं मी म्हणणार नाही, दादा. तुमच्यासारख्या घरांना मुदत द्यावी लागेल. पण लाखोंची गाडी घेताना शोरूममध्ये सीट कव्हर, मॅट सगळं गळ्यात मारतात. आम्हाला बूस्टरचं एका शब्दानं कुणी विचारलं नाही. मागच्या सीटला आयसोफिक्सचे, म्हणजे मुलांची सीट थेट गाडीला अडकवायचे, हूक आहेत हे मला दोन वर्षांनी कळलं.