काटकोन त्रिकोणात १५०° चा कोन बसत नाही, मग साइन १५०° म्हणजे नेमके काय?

प्रतापनगरचे_पालक (नागपूर):

नमस्कार. माझी मुलगी अकरावी विज्ञान शाखेत शिकते. दहावीपर्यंत साइन म्हणजे संमुख बाजू भागिले कर्ण आणि कोसाइन म्हणजे लगतची बाजू भागिले कर्ण, हे तिला चांगले समजले होते. आता १५०°, २४०°, −६०°, ७५०° अशा कोनांची गुणोत्तरे काढायची वेळ आली आहे. तिचे म्हणणे असे, की काटकोन त्रिकोणात एक कोन ९०° चा असल्यावर उरलेल्या दोन कोनांची बेरीजच ९०° होते, तेव्हा त्यात १५०° चा कोन येणार कुठून? तिच्या शिकवणी वर्गात ‘ऑल सिल्व्हर टी कप्स’ हे वाक्य पाठ करून घेतले आहे आणि त्यावरून कोणत्या चरणात कोणते गुणोत्तर धन असते हे तिला सांगता येते. परंतु बाजूची लांबी ऋण कशी असू शकते, या प्रश्नाला तेथे ‘परीक्षेत विचारत नाहीत’ एवढेच उत्तर मिळाले. मी वाणिज्य शाखेचा असल्याने माझी मदत येथेच संपते. कृपया जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

निवृत्त_गणित_शिक्षक:

आपल्या मुलीचा आक्षेप रास्त आहे. १५०° चा कोन काटकोन त्रिकोणात बसत नाही आणि तो कसातरी बसवून दाखवण्याचा खटाटोपही करू नये. अकरावीत साइन आणि कोसाइन यांची व्याख्याच नव्याने केली जाते. मात्र ती अशा बेताने केलेली असते, की लघुकोनांची जुनी उत्तरे जशीच्या तशी राहावीत.

आलेखकागदावर आरंभबिंदू केंद्र धरून १ एकक त्रिज्येचे वर्तुळ काढावे. क्ष-अक्षाच्या धन बाजूवर एक किरण ठेवून तो घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध दिशेने दिलेल्या कोनातून फिरवावा. तो वर्तुळाला ज्या बिंदूत छेदतो, त्या बिंदूचा क्ष-निर्देशक म्हणजे त्या कोनाची कोसाइन आणि य-निर्देशक म्हणजे साइन. व्याख्या एवढीच आहे. कोन ३०° असेल तर त्या बिंदूपासून क्ष-अक्षावर लंब टाकताच ओळखीचा काटकोन त्रिकोण मिळतो. त्याचा कर्ण ही वर्तुळाची त्रिज्या, म्हणजे १, असल्यामुळे संमुख बाजू हीच साइन आणि लगतची बाजू हीच कोसाइन ठरते.

आता किरण १५०° पर्यंत न्यावा. तो क्ष-अक्षाच्या ऋण बाजूशी ३०° चा कोन करतो, म्हणून त्याचा छेदबिंदू हा ३०° च्या बिंदूचे य-अक्षातील प्रतिबिंब असतो. उंची तीच राहिली, म्हणून साइन १५०° = १/२; बिंदू य-अक्षाच्या डावीकडे गेला, म्हणून कोसाइन १५०° = −√३/२. डावीकडचा त्रिकोण कागदावर काढला तर त्याच्या बाजूंच्या लांबी धनच भरतील. ऋण चिन्ह येते ते निर्देशकाला, आणि आरंभबिंदूच्या डावीकडील निर्देशक ऋण असतात हे मुलांना नववीपासून ठाऊक असते. २४०° चा बिंदू तिसऱ्या चरणात (−१/२, −√३/२) येथे येतो. कोन ऋण असेल तर किरण घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवायचा, म्हणून −६०° चा बिंदू (१/२, −√३/२). ७५०° म्हणजे दोन पूर्ण फेऱ्या आणि वर ३०°, तेव्हा बिंदू ३०° चाच.

पाठ केलेले वाक्य विसरायला सांगू नका, परीक्षेत त्याने वेळ वाचतो. फक्त ते या आकृतीवरून तिला स्वतः काढता आले पाहिजे.

काटोल_रोड_वाचक:

सरांच्या विवेचनात भर घालतो. ‘व्याख्या बदलली’ असे म्हटले की चिन्हे सोयीने ठरवली असावीत असा संशय मुलांना येतो. त्यासाठी पट्टी आणि कोनमापक घेऊन ३ सेंमी आणि ५ सेंमीच्या दोन बाजू त्यांच्यामधला कोन १२०° ठेवून काढाव्यात आणि तिसरी बाजू मोजावी. ती ७ सेंमी भरते. कोसाइनच्या नियमाने तिसऱ्या बाजूचा वर्ग = ९ + २५ − २ × ३ × ५ × कोसाइन १२०°, आणि एकक वर्तुळावरून कोसाइन १२०° = −१/२ घेतल्यास हा वर्ग ४९ येतो. कोसाइन १२०° चुकून +१/२ धरली तर वर्ग १९ येईल आणि बाजू ४.३६ सेंमी ठरेल, जी कागदावरच्या त्रिकोणाशी मुळीच जुळत नाही.

जाता जाता एक सूचना. गणकयंत्रावर साइन १५० चे उत्तर −०.७१४९ असे दिसले, तर यंत्र अंशांऐवजी रेडियनमध्ये (कोन मोजण्याच्या दुसऱ्या एककात) लावलेले आहे असे समजावे.

आकाशनिरीक्षक_नागपूर:

या विषयाला आपल्याच गावात एक उत्तम उदाहरण आहे. नागपूर सुमारे २१.१५° उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळे मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत माध्यान्हीचा सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेकडून जातो. क्ष-अक्षाची धन बाजू दक्षिणेकडे आणि य-अक्ष वर आकाशाकडे धरून सूर्याचा कोन दक्षिण क्षितिजापासून मोजला, तर २२ डिसेंबरच्या सुमारास तो माध्यान्ही ९० − २१.१५ − २३.४४ = ४५.४१° असतो आणि २१ जूनला ९० − २१.१५ + २३.४४ = ९२.२९° होतो. काटकोनापेक्षा मोठा कोन हा असा प्रत्यक्ष आकाशात सापडतो.

सपाट गच्चीवर १ मीटर उंचीची काठी उभी केली, तर तिच्या सावलीची उत्तरेकडील लांबी ही कोसाइन भागिले साइन एवढी मीटर येते. डिसेंबरमध्ये ती सुमारे ९९ सेंमी असते. मार्च आणि सप्टेंबरमधील विषुवदिनी कोन ६८.८५° असतो, तेव्हा ती सुमारे ३९ सेंमी भरते. २१ जूनला मात्र कोसाइन ऋण झाल्यामुळे उत्तर −४ सेंमी येते, आणि खरोखरच काठीची ४ सेंमी सावली दक्षिणेकडे पडते. सूत्र आपण बदललेले नसते. एरवी उत्तरेकडे पडणारी सावली दिशा बदलते आणि ती बातमी चिन्हातून कळते. पडताळा घ्यायचा असेल तर जूनमध्ये नागपूरची माध्यान्ह घड्याळात सव्वाबाराच्या सुमारास येते हे लक्षात ठेवावे. २१ तारखेला आभाळ भरलेले असण्याचा संभव असतो, म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यातील एखादा मोकळा दिवस बरा. सावली आणखी आखूड असेल, पण पडेल दक्षिणेकडेच.

निवृत्त_गणित_शिक्षक:

गच्चीचा प्रयोग फारच उद्बोधक आहे. इतिहासाच्या दृष्टीनेही वर्तुळ हे काही नंतर चिकटवलेले ठिगळ नव्हे. आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या सुमारास रचलेल्या ‘आर्यभटीया’त ‘ज्या’च्या, म्हणजे आजच्या साइनच्या पूर्वरूपाच्या, २४ किमती ३° ४५′ च्या टप्प्यांनी मिळतात. त्याची ज्या ही ३४३८ त्रिज्येच्या वर्तुळातील अर्ध्या जीवेची लांबी आहे. त्यानुसार ३०° ची ज्या १७१९ येते. तिला ३४३८ ने भागले की १/२. आपण त्रिज्या १ घेऊन हा भागाकार आधीच करून टाकलेला असतो, इतकेच.

प्रतापनगरचे_पालक (नागपूर):

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मुलीने ३, ५ आणि ७ चा त्रिकोण काढून पाहिला आणि तिचे समाधान झाले. तिची आता एकच शंका उरली आहे: टॅन ९०° ‘अनंत’ लिहावे की ‘अव्याख्यात’?

काटोल_रोड_वाचक:

‘अव्याख्यात’ लिहावे. टॅन म्हणजे य भागिले क्ष, आणि ९०° चा बिंदू (०, १) असल्याने तेथे शून्याने भागावे लागते. आकृतीत पाहायचे तर वर्तुळाला (१, ०) या बिंदूत स्पर्श करणारी उभी रेषा काढावी. किरण, किंवा गरज पडल्यास केंद्रातून मागे वाढवलेली त्याची रेषा, या स्पर्शिकेला ज्या उंचीवर छेदते ती उंची म्हणजे टॅन. १५०° चा किरण मागे वाढवला की तो चौथ्या चरणात −१/√३ वर छेदतो, आणि ३३०° चीही रेषा तीच असल्याने टॅनची किंमत दर १८०° नंतर पुन्हा येते. ९०° ला ही रेषा स्पर्शिकेला समांतर असते, म्हणून छेदबिंदूच नाही. ‘अनंत’ लिहिण्यातली अडचण शेजारच्या किमतींवरून दिसते: टॅन ८९° सुमारे ५७.२९ आणि टॅन ८९.९° सुमारे ५७२.९६ आहे, तर टॅन ९१° सुमारे −५७.२९. एका बाजूने किंमत वर निसटते आणि दुसऱ्या बाजूने खाली, तेव्हा धन आणि ऋण यांपैकी कोणते अनंत लिहायचे, हेच ठरवता येत नाही.