तळव्यावर सरकणारी नागमोडी रेघ : कोणाकडे दाखवू?

शेवंती : मंडळी, सल्ला हवाय. दोन आठवड्यांपूर्वी तारकर्लीला तीन दिवस पुळणीवर अनवाणी फिरलो. घरी आल्यावर डाव्या तळव्याच्या कडेला लाल पुळी आली. आता तिथून दोऱ्यासारखी फुगीर, वेडीवाकडी रेघ निघालीय. खाजेनं रात्रभर झोप नाही. मी पुण्यात असते. थेट त्वचारोगतज्ज्ञ गाठू की आधी फॅमिली डॉक्टर? तपासणी-औषधं मिळून हजाराच्या आत बसवायचंय.

दापोलीकर : नायटा आहे. मला मांडीवर झाला होता. मेडिकलमधून ट्यूब आणली, आठ दिवसांत साफ.

भटक्या : नायटा गोल पसरतो आणि मधून निवळत जातो, असा सरपटत नाही. ही कुत्र्या-मांजरांच्या अंकुशकृमीची, म्हणजे त्यांच्या आतड्यातल्या एका जंताची (हुकवर्म) अळी आहे. त्यांच्या विष्ठेतली अंडी वाळूत फुटतात आणि अळी अनवाणी पायात शिरते. मला मोरजीला झालं होतं. रेघेच्या टोकाशी पेनानं खूण करा, शेजारी तारीख घाला. रेघ रोज काही मिलिमीटर ते एक-दोन सेंटिमीटर पुढे गेली तर तीच.

राधाक्का : ट्यूब अजिबात नको! भाच्यानं स्टेरॉइडवालं मलम तीन आठवडे चोळलं. खाज दबली, रेघ चालूच. शेवटी डॉक्टरांच्या गोळ्यांनीच गेली.

मनमौजी : मी मोठ्या हॉस्पिटलात गेलो. रक्त तपासलं, कातडीचा तुकडा काढला, साडेसात हजार गेले. तुकड्यात काहीच सापडलं नाही, कारण अळी दिसणाऱ्या रेघेच्या पुढे असते म्हणे. निदान शेवटी डोळ्यांनी बघूनच झालं. तरी मी सांगेन, मोठ्याच ठिकाणी जा, मनाला शांतता मिळते.

दापोलीकर : आम्ही जन्मभर पुळणीवर अनवाणी वावरलो. पर्यटकांच्या उष्ट्यावर कुत्री वाढली, तेव्हापासून हे सुरू झालं.

राधाक्का : कुत्र्यांना का बोलता? त्यांना वेळेवर जंताचं औषध द्या. आमच्या गल्लीतल्या चौघांना मी स्वतः देते.

भटक्या : भरतीचं पाणी पोचतं त्या ओल्या पट्ट्यात धोका कमी. वरच्या कोरड्या, सावलीतल्या वाळूत चपला हव्यातच.

पल्लवी_ओपीडी : मी त्वचारोग विभागात रेसिडेंट आहे. वर्णनावरून भटक्या यांचं बरोबर वाटतंय, पण प्रत्यक्ष दाखवाच. खरूज किंवा नायटाही असू शकतो. या अळीला वजनानुसार आयव्हरमेक्टिनचा एक डोस किंवा अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम रोज, तीन ते सात दिवस देतात. बर्फानं गोठवून किंवा सुईनं टोकरून काढायला जाऊ नका. सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत हे केसपेपरच्या पैशांत होईल. गोळीआधी एक सांगा, गरोदर आहात का?

दापोलीकर : अल्बेंडाझोल तर जंतनाशक दिनाला शाळेत पोरांना देतात. एक गोळी खा आणि मोकळी हो.

पल्लवी_ओपीडी : शाळेतली गोळी आतड्यातल्या जंतांसाठी असते. कातडीतल्या अळीला एकच गोळी बऱ्याचदा पुरत नाही.

मनमौजी : म्हणून म्हणतो, मोठं हॉस्पिटल.

शेवंती : आधीच सांगायला हवं होतं. मला तिसरा महिना चालू आहे. खूण केली होती, दोन दिवसांत रेघ सेंटिमीटरभर सरकली. आज फॅमिली डॉक्टरांनी पाय बघून हीच अळी सांगितली आणि माझ्या स्त्रीरोगतज्ज्ञांना फोन केला. दोघांचं म्हणणं, आत्ता गोळी नको. मलाही तेच पटलं. थांबणार आहे.

राधाक्का : अगं, इतके दिवस खाज कशी सोसशील? निदान दुसरं मत घे.

भटक्या : मी चार दिवस थांबलो तरी वेड लागायची पाळी आली होती. मीही दुसरं मत घ्या म्हणेन.

पल्लवी_ओपीडी : थांबणं चुकीचं नाही. ही अळी माणसात मोठी होत नाही, अंडी घालत नाही. कातडीच्या वरच्या थरात भटकून काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत मरते. जपायचं ते खाजवून होणाऱ्या जखमेला. पू, सूज किंवा ताप आला तर त्याच दिवशी दाखवा.

शेवंती : नखं कापली. रात्री गार पाण्याचा फडका ठेवते, तासभर तरी डोळा लागतो. ३५० रुपये खर्च झाले. नवऱ्याच्या पायावरही तशीच पुळी दिसतेय, त्याला उद्या ओपीडीत पाठवते.

दापोलीकर : माझी ती ट्यूब अजून घरात आहे. टाकून देऊ का?

राधाक्का : आधी तिच्यावर काय लिहिलंय ते इथे लिहा.