मदत हवी आहे : चालू गॅस प्रोड्यूसरमधली राख किती वेगाने काढायचे?

नमस्कार मंडळी, कोळशापासून प्रोड्यूसर गॅस (कारखान्यात जाळायचा इंधन-वायू) बनवणाऱ्या जुन्या भट्ट्यांची, म्हणजे गॅस प्रोड्यूसरची, कार्यपद्धती दाखवणारं छोटं मॉडेल करतोय. राखेपाशी गाडी अडली आहे.

जर्मन अभियंते सीमेन्स बंधू यांच्या 1861च्या सुमाराच्या प्रोड्यूसरमध्ये हवा नैसर्गिक ओढीने आत यायची, त्यामुळे तिरकी जाळी खालून उघडीच असे. कामगार सळईने राख आणि क्लिंकर (वितळून घट्ट झालेले राखेचे गोळे) ओढून काढत. काय उष्णता सोसली असेल त्या माणसांनी!

पुढे हवा आणि वाफ दाबाने सोडू लागले, तेव्हा तळ उघडा ठेवणं शक्यच राहिलं नाही. मग भट्टीची खालची कड पाण्याच्या थाळीत बुडवली. पाण्यामुळे गॅस अडतो, राख मात्र खालून काढता येते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या केर्पेली पद्धतीत तर थाळी आणि मध्यापासून सरकवलेली जाळी एकत्र हळूहळू फिरतात. जाळी क्लिंकर चिरडते आणि स्थिर फाळ ओली राख कडेवरून बाहेर ढकलतो. मला ही रचना फारच देखणी वाटते.

प्रश्न असा: थाळी जास्त फिरवली तर निखाऱ्यांचा थर खाली उतरतो, कमी फिरवली तर वर चढतो. वरच्या भोकातून सळई घालून, ती कुठे लाल होते यावरून थर ओळखत. पण राखेचं प्रमाण भरपूर असलेल्या आपल्या कोळशावर फिरण्याचा वेग कसा ठरवत? काच किंवा सिरॅमिक कारखान्यात अशी भट्टी चालवलेल्या कुणी सांगाल का? फाळाचा कोन दिसेल असा फोटो असल्यास फारच उपकार होतील.