मदत हवी आहे: इंटर्न्सची ‘समजलं ना?’ ही सवय कशी मोडावी?

मी नागपुरात एका मेडिकल कॉलेजात मेडिसिन शिकवते. मागच्या महिन्यात सिकलसेलची (रक्ताचा आनुवंशिक आजार) एक मुलगी वेदनेच्या क्रायसिसमध्ये पुन्हा भरती झाली, गडचिरोलीकडची. कागद पाहिले तर हायड्रॉक्सीयुरिया हे औषध सुरू केलेलं, डोस बरोबर, ‘रोज घेणे’खाली रेघसुद्धा मारलेली. तिच्या आईनं पिशवीतून स्ट्रिप काढली. चारच कॅप्सूल फोडलेल्या. “दुखलं तेव्हा देल्ली जी. दुखत नाही त कायले द्याची?”

हे औषध दुखणं थांबवत नाही. रोज घेतलं तर काही महिन्यांनी दुखणं येणंच कमी होतं. एवढं त्या माउलीपर्यंत पोचलंच नव्हतं. इंटर्न हुशार आहे, मनाचा चांगला आहे. त्यानं “समजलं ना?” विचारलं होतं आणि दोघी “हो जी” म्हणाल्या होत्या. डॉक्टरसमोर “नाही समजलं” कोण म्हणतं?

२०१९च्या बॅचपासून एटकॉम (पेशंटशी वागणं, नीतिमत्ता आणि संवाद शिकवणारा भाग) अभ्यासक्रमात आहे, रोल-प्लेही घेतो. तिथे मुलं सुरेख बोलतात, कारण मार्क त्याचेच असतात. ओपीडीत रांग लागली की सगळं गळून पडतं. बेकमन आणि फ्रँकेल यांच्या १९८४च्या अभ्यासात डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत पेशंटचं बोलणं तोडत होते. आमच्याकडेही बोलणं तोडलेलं मी रोज ऐकते.

पेशंटकडून परत सांगून घ्यायला मी शिकवते, पण “आता तुम्ही सांगा” म्हटलं की बाया परीक्षेला बसल्यासारख्या घाबरतात. सध्या मुलांना हे वाक्य देते: “मी नीट सांगितलं की नाही ते बघायचंय, घरी बाबांना काय सांगाल?” याहून सोपं, बोलीतलं काही कुणी वापरतं का?

दुसरं, रोल-प्लेत पेशंट म्हणून वर्गातलीच मुलं बसतात आणि पुस्तकी मराठी बोलतात. झाडीबोली, वऱ्हाडी किंवा गोंडी बोलणाऱ्या आशाताई, निवृत्त सिस्टर यांना कुणी तयार केलंय का? त्यांनी विद्यार्थ्याला तोंडावर चूक सांगावी, यासाठी त्यांचा संकोच कसा घालवलात?

ती मुलगी मंगळवारी फॉलोअपला येतेय. त्याच इंटर्नला तिच्या आईशी बोलायला बसवणार आहे. मी शेजारी बसावं की बाहेर थांबावं?