मदत हवी आहे: भाऊ बी.कॉम. अर्धवट सोडून अंबडला पूर्णवेळ लागतो म्हणतोय

सिडकोची_ताई
नमस्कार मंडळी. आठवडाभर घरात धुसफूस चालू आहे, म्हणून बाहेरच्या माणसांचं मत हवंय.

भाऊ एस.वाय.बी.कॉम.ला आहे, सध्या चौथं सेमिस्टर. कॉलेज सकाळचं. दुपारी तो नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका छोट्या जॉब शॉपमध्ये (दुसऱ्या कंपन्यांचे सुटे भाग करून देणारं वर्कशॉप) सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर, जातो. सुरुवातीला नुसते जॉब पुसायचा आणि मशीनखालची बर (धातूचा कीस) काढायचा. आता फर्स्ट पीस (लॉटचा पहिला नग) काढून, मायक्रोमीटरने मोजून स्वतः ऑफसेट मारतो, म्हणजे मशीनचं माप जुळवतो. मालक खूश आहेत. म्हणतात, कॉलेज सोड, बारा तासांची शिफ्ट धर, १८ हजार देतो, वर्षभरात सेटर (मशीन लावून देणारा) करतो.

वडील कंपनीतून रिटायर झालेत. त्यांनी ज्या डिग्रीवाल्या पोराला काम शिकवलं, तोच पुढे त्यांचा साहेब होऊन बसला. त्यामुळे त्यांच्यासमोर डिग्री सोडायचा विषयही काढायची सोय नाही. आणि माझी पंचाईत अशी की मी एम.कॉम., एका सीएंच्या ऑफिसात १५ हजारांवर. भाऊ भांडत नाही, फक्त म्हणतो, "ताई, तू तर एम.कॉम. आहेस ना?" पुढे मी काय बोलणार!

पोरगा आळशी नाही हो. परवा कॉस्टिंगच्या वहीच्या मागच्या पानावर त्याने शॉपमधल्या एका बुशचा (पोकळ गोल सुटा भाग) हिशोब मांडला होता. मशीन अवर रेट (तासभर मशीन चालवायचा खर्च) ३६० रुपये, सायकल टाइम (एका पीसचा मशीनवरचा वेळ) ४ मिनिटं, म्हणजे पीसला २४ रुपये नुसत्या मशीनचे. मालक ते काम २२ला घेतात! हा धडा त्याला कॉलेजातच शिकवलाय, पण त्याच्या मते तो शॉपमध्ये शिकला.

आता सोडलं तर नंतर पूर्ण करता येतं का? मुक्त विद्यापीठाची डिग्री सगळीकडे चालते का? आणि मुळात आजच्या काळात बी.कॉम.साठी एवढा जीव काढण्यात अर्थ आहे का?

रोखठोक
सोडू द्या. पदवीधर पोरं कॉलेज रोडवर पार्सलं पोचवत फिरतात. हाताला काम आहे, ते धरा.

सिडकोची_ताई
@रोखठोक, पार्सलं पोचवणाऱ्यांत बारावी नापासही तेवढेच असतील की. त्यावरून काय ठरवणार?

सातपूरचा_भो
ताई, माझी उमर शॉपफ्लोअरवर गेली, म्हणून सांगतो. आधी त्या १८ हजारांची फोड मागा. मस्टरवर नाव लागणार का? पीएफ कापणार का? २० किंवा जास्त माणसं असतील तर पीएफ लागू होतो, १० असले तरी ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा). पगार २१ हजारांच्या आत आहे, म्हणजे ईएसआयमध्ये तो बसतोच. उद्या बोट चकमध्ये (जॉब पकडणारा मशीनचा जबडा) गेलं तर सातपूरच्या ईएसआय हॉस्पिटलात कार्ड दाखवता आलं पाहिजे. आणि बारा तास म्हणजे वरचा ओव्हरटाइम कायद्याने दुप्पट दराने. तो धरून १८ असतील तर मूळ पगार किती उरतो ते भावालाच काढायला सांगा, हिशोबाचा पक्का दिसतोय.

दुसरं असं की नुसतं ऑपरेटरचं काम धडपड्या पोराला काही महिन्यांत जमतं. म्हणूनच त्याला भाव नाही, गेटवर दुसरा उभाच असतो. सेटिंग, प्रोग्रामिंग, ड्रॉइंग वाचणं, याला भाव आहे. आणि ओझरच्या एचएएलमध्ये किंवा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये टेक्निशियन व्हायचं डोक्यात असेल, तर तिथे त्या-त्या ट्रेडचं आयटीआय मागतात. तिथे बी.कॉम. चालणार नाही आणि जॉब शॉपचा नुसता अनुभवही चालणार नाही. मशीनचंच वेड असेल तर सातपूरच्या आयटीआयला मशिनिस्ट नाहीतर टर्नर करा, दोन वर्षांचा कोर्स आहे. आणि डिग्री सोडायचीच असेल तर ती असल्या कागदासाठी तरी सोडा.

पंचवटी_एक्सप्रेस
मी कॉलेजच्या ऑफिसात असते, कुठल्या ते विचारू नका. रोज असे दोन-तीन पालक खिडकीशी येतात.

भावाने एफ.वाय.ला प्रवेश २०२४-२५ला किंवा नंतर घेतला असेल, तर तो नव्या धोरणाच्या पॅटर्नमध्ये आहे. त्यात पहिल्या वर्षानंतर बाहेर पडल्यास सर्टिफिकेट, दुसऱ्यानंतर डिप्लोमा, तिसऱ्यानंतर पदवी. बाहेर पडताना थोडे जादा क्रेडिट्स लागतात. क्रेडिट्स त्याच्या एबीसी खात्यात (क्रेडिट्सची बँकच ती) जमा राहतात आणि ठरलेल्या मुदतीत परत येता येतं. पण हा डिप्लोमा पॉलिटेक्निकचा नव्हे बरं का! तो घेऊन कंपनीत डिप्लोमा इंजिनिअरच्या जागेला अर्ज करायला जाऊ नका. आणि चौथं सेमिस्टर मध्येच सोडलं तर तोही हातात नाही. एवढा पल्ला गाठल्यावर परीक्षा न देता उठणं म्हणजे पिकलेला माल बागेत सोडून देणं.

मुक्त विद्यापीठाबद्दल निःशंक राहा. १९८९चं आहे, गंगापूर धरणाकडे जाताना गोवर्धनला त्याचं मुख्यालय आहे, यूजीसीची मान्यता आहे. एमपीएससी, तलाठी, बँक क्लार्क या सगळ्यांना पदवी लागते आणि तिथे ही पदवी चालते. नोकरी करणाऱ्यांसाठीच ते आहे, शिकवणं बहुतेक सुट्टीच्या दिवशी अभ्यासकेंद्रावर. मात्र आपल्या कॉलेजातून थेट तिसऱ्या वर्षाला तिकडे घेतील का, हे आधी अभ्यासकेंद्रात लेखी विचारा. विषय जुळत नाहीत म्हणून लोक तिथेच अडकतात.

सिन्नरकर
मी सिन्नरला छोटं शॉप चालवतो, म्हणजे त्या मालकाच्याच जातकुळीतला. खरं सांगू? पोराने कॉलेज सोडलं की आम्हाला बरं वाटतं. कागद नसला की तो दुसरीकडे सहज जात नाही, पगारही हळूहळूच वाढवावा लागतो. मालक वाईट आहेत असं नाही, पण त्यांचा सल्ला त्यांच्या सोयीचा आहे, एवढं लक्षात ठेवा.

मला अडकवलं ते त्या बुशने. आमच्यासारखे निम्मे लोक शेजारचा काय रेट घेतो ते बघून कोटेशन देतात आणि वर्षाअखेर पैसे कुठे गेले म्हणून सीएला विचारतात. पीस २४ला पडतो आणि २२ला जातो हे ज्याला मशीनसमोर उभं राहून दिसतं, तो मला ऑपरेटर म्हणून नको, कोटेशनला हवा. अकाउंटंट मिळतात, पण त्यांना चक आणि कॉलेटमधला फरक कळत नाही. ऑपरेटर मिळतात, पण त्यांना ओव्हरहेड कळत नाही. तिसऱ्या वर्षाला कॉस्टिंगच स्पेशल घेऊ द्या आणि शॉप पार्ट टाइम चालू ठेवा. कुठलीही बी.कॉम. करा असं मी म्हणणार नाही, पण याची करावी.

एक विचारा त्याला: लोडिंग-अनलोडिंग (पीस मशीनला लावायचा-काढायचा वेळ) धरलं का? इन्सर्ट (झिजणारं कापायचं टोक)? रिजेक्शन?

सिडकोची_ताई
सगळ्यांचे मनापासून आभार. वडिलांना सातपूरच्या दादांचं उत्तर वाचून दाखवलं, ते पहिल्यांदाच "आयटीआय वाईट नाही" म्हणाले.

भावाला विचारलं. लोडिंग धरलंच नव्हतं! ४० सेकंद लागतात म्हणे. ते धरून पीस २८ला जातो, इन्सर्ट वेगळा. रात्री उशिरापर्यंत वही घेऊन बसला होता. चौथ्या सेमिस्टरची परीक्षा देतो, एवढं कबूल केलंय. पुढचं निकालानंतर बघू. मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रात शनिवारी जाऊन येते.

आता त्याला मालकांना हा हिशोब दाखवायचाय. मला धाकधूक आहे, त्यांना राग आला तर? परीक्षेसाठी रजाही त्यांच्याकडूनच घ्यायचीय.

सिन्नरकर
दाखवू दे. चारचौघांत तोंडी नको. एका कागदावर नीट मांडून, जेवणाच्या सुट्टीत, एकटे असताना. रजेचा अर्ज त्याच कागदाला टाचून.

सातपूरचा_भो
आणि फर्स्ट पीस पास झाल्यावर दे म्हणा, त्याआधी नको.