मदतनीस पक्षी नेमकी कोणाची पिल्लं भरवतात?

रानवाटा: काही पक्ष्यांत मोठी झालेली पिल्लं स्वतः घरटं न करता दुसऱ्यांची पिल्लं भरवतात, त्यांना मदतनीस म्हणतात. जीवशास्त्रज्ञ हॅमिल्टनचा १९६४ चा नियम (नातेवाइकांना मदत केली की आपलीच जनुकं पुढे जातात) वाचला तेव्हा चित्र स्वच्छ वाटलं होतं. थोरला मुलगा आईबापांपाशी थांबतो, धाकट्या भावंडांना भरवतो, निम्मी जनुकं सारखी, म्हणजे कष्ट वाया जात नाहीत. मग ऑस्ट्रेलियातल्या सुपर्ब फेअरी-रेन या छोट्या पक्ष्याबद्दल वाचलं. १९९४ च्या डीएनए अभ्यासात सुमारे ७६ टक्के पिल्लांचा बाप गटाबाहेरचा निघाला! मग हा पोरगा दिवसभर कोणासाठी राबतो? दोन दिवस हेच डोक्यात घोळतंय.

पाणथळ: आई तरी तीच ना? बाप वेगळा असला तर नातं निम्म्यावरून पावावर येतं, शून्यावर नाही.

तांबडा_थेंब: पाणथळ म्हणतात ते बरोबर, पण आई तीच असेल तरच.

मी काही वर्षं पिल्लांच्या पितृत्व चाचण्या केल्या आहेत. पंखाखालच्या शिरेतून एक थेंब रक्त पुरतं, कारण पक्ष्यांच्या तांबड्या पेशींत केंद्रक असतं, त्यात डीएनए मिळतो. पिल्लाच्या मार्करांतून (डीएनएतल्या ओळखखुणांतून) आईकडून आलेला भाग बाजूला काढायचा. उरलेला ज्या नराशी जुळत नाही, तो बाद. गटातले सगळेच बाद झाले तर बाप बाहेरचा. खरी पंचाईत होते ती गटात सख्खे भाऊ असले की. एका पिल्लासाठी मी दोन भावांत अडकले होते, आठही मार्करांवर दोघे चपखल बसत होते. आणखी मार्कर लावले तेव्हा कुठे एक गळला. एकॉर्न सुतारपक्ष्यांत तर भाऊ-भाऊ मिळून त्याच माद्यांशी जुगतात, तिथे हे रोजचंच.

फेअरी-रेनमध्ये मादी उजाडण्याआधी स्वतः उठून दुसऱ्या नराच्या हद्दीत जाते. निवड तिची असते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. याउलट फ्लोरिडा स्क्रब-जेच्या तपासलेल्या पिल्लांत परका बाप जवळजवळ सापडलाच नाही. तिथले मदतनीस बहुतेक वेळा सख्ख्या भावंडांनाच भरवतात. सेशेल्स वॉर्बलरच्या 'मदतनीस' माद्या अनेकदा त्याच घरट्यात स्वतःचीही अंडी घालतात, त्यामुळे तो शब्दच मला खटकतो.

२०१० मध्ये २६७ जातींची तुलना झाली. जिथे माद्या कमी नरांशी जुगतात तिथे सहकारी प्रजनन, म्हणजे मदतनीसांनी पिल्लं वाढवणं, जास्त आढळलं. म्हणजे तुमचा हॅमिल्टन शाबूत आहे, फेअरी-रेन त्या नियमाच्या कडेला बसतो.

रानवाटा: ताई, आणि आई मेली आणि नवी मादी आली तर?

तांबडा_थेंब: मग पिल्लाशी नातं उरेलच असं नाही. तरी तो थांबतो, कारण जायला जागा नसते. फेअरी-रेनवरच्याच १९९० च्या एका प्रयोगात शेजारच्या हद्दीतला प्रजनन करणारा नर उचलला, तर मदतनीस लगेच तिकडे गेले. नराबरोबर मादीही उचलली, तेव्हा रिकाम्या हद्दीकडे कोणी फिरकलं नाही. मादी परत सोडल्यावर मात्र निघाले.

रानवाटा: म्हणजे नुसती जागा पुरत नाही, मादीही हवी! आता तो प्रयोग मुळातून वाचतो.